चिकन धुवावे की धुवू नये?

कच्चे चिकन शिजवण्यापूर्वी धुवावे की नाही, याबद्दल मराठी स्वयंपाकघरात सहसा दोन मते नसतात. ते धुवायचेच असते, तेही नळाखाली, दोन-तीन पाण्यांनी. २०१४ साली ब्रिटनच्या ‘फूड स्टँडर्ड्स एजन्सी’ने, म्हणजे तिथल्या अन्नसुरक्षेवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, लोकांना नेमका उलटा सल्ला दिला : कच्चे चिकन धुऊ नका. अमेरिकेच्या कृषी खात्याचेही हेच म्हणणे आहे. हा सल्ला वर्तमानपत्रांतून आणि मोबाइलवरून आपल्याकडे पोचला, तेव्हा ‘मग घाण तशीच खायची का?’ असा प्रश्न विचारला गेला. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी ही घाण कुठून येते, कुठे बसते आणि कशाने जाते, हे क्रमाने पाहावे लागते.

१. जिवाणू कुठे असतात?

निरोगी कोंबडीचे स्नायू, म्हणजे आपण ज्याला मांस म्हणतो ते, ती जिवंत असताना जवळजवळ निर्जंतुक असतात. जिवाणू असतात ते आतड्यात, पिसांवर, कातडीवर आणि पायांना. आतड्याच्या शेवटाकडे दोन बंद पिशव्या असतात. त्यांतल्या एका ग्रॅम मळात रोगकारक जिवाणूंची संख्या दहा लाखांपासून दहा कोटींपर्यंत असू शकते. एवढे जिवाणू पोटात असूनही कोंबडी बहुधा ठणठणीत असते. त्यामुळे पिंजऱ्यातला तरतरीत पक्षी बोट दाखवून निवडला, तरी त्यातून जिवाणूंबद्दल काहीच कळत नाही.

ब्रॉयलर पक्षी साधारण पाच ते सहा आठवड्यांत दोन किलोचा होतो. हा सगळा काळ तो हजारो सोबत्यांसह भाताच्या तुसावर किंवा लाकडाच्या भुशावर काढतो. तिथेच विष्ठा पडते आणि तिथेच चोच मारली जाते. एका पक्ष्याच्या पोटात जिवाणू शिरले की आठवडाभरात बहुतेक सगळ्या शेडमध्ये पसरतात. मग विक्रीच्या दिवशी पक्षी क्रेटमध्ये भरून गाडीत एकावर एक रचले जातात. वरच्या क्रेटमधली विष्ठा खालच्या पक्ष्यांच्या पिसांवर पडते. प्रवासाच्या ताणाने पक्षी एरवीपेक्षा जास्त जिवाणू बाहेर टाकतात, हेही दिसून आले आहे.

गावठी कोंबडी यातून सुटलेली असते, असा एक आवडता समज आहे. गावठीची चव वेगळी आणि मांस चिवट, हे खरे. पण उकिरडा उकरणाऱ्या, डबक्यातले पाणी पिणाऱ्या पक्ष्याच्या आतड्यात हे जिवाणू नसतील असे मानायला आधार नाही. मोकळ्यावर वाढवलेल्या कोंबड्यांत काही जिवाणूंचे प्रमाण शेडमधल्या कोंबड्यांइतकेच, कधी त्याहून जास्तही आढळले आहे.

२. दुकानातली दहा मिनिटे

म्हणजे प्रश्न असा उरतो : आतड्यातले आणि पिसांवरचे जिवाणू निर्जंतुक मांसावर पोचतात कसे? त्यासाठी चिकन सेंटरमधले काम जरा जवळून पाहायला हवे.

पक्ष्याचे वजन होते, मान कापली जाते आणि रक्त वाहून जाण्यासाठी त्याला ड्रममध्ये किंवा उलट्या नरसाळ्यात डोके खाली करून सोडले जाते. शेवटच्या तडफडीत विष्ठा बाहेर पडते आणि पिसांना लागते. पुढे एकतर गरम पाण्यात बुडवून पिसे काढतात, किंवा ‘स्किनलेस’ हवे असेल तर पिसांसकट कातडी ओढून काढतात. गरम पाण्याच्या भांड्यात दिवसभर तेच पाणी असते. दहाव्या पक्ष्याला पहिल्या नऊ पक्ष्यांचे पाणी लागते. पिसे काढायच्या यंत्रात रबराची बोटे फिरतात आणि ती एका पक्ष्याचे जिवाणू पुढच्याच्या कातडीवर थापतात. कातडी ओढून काढण्याची रीत त्या मानाने बरी, कारण बहुतेक जिवाणू कातडीबरोबर टोपलीत जातात. पण ज्या हाताने पिसे धरली त्याच हाताने उघडे मांस धरले जाते.

सगळ्यात नाजूक टप्पा पोट फाडण्याचा. आतडे अखंड बाहेर आले तर थोडक्यात निभावते. सुरी जरा खोल गेली किंवा आतडे ओढताना तुटले, की मळ थेट मांसावर सांडतो. मग तो पक्षी शेजारच्या टबात बुचकळला जातो. या टबातले पाणी सकाळी स्वच्छ असते आणि दुपारपर्यंत लालसर होते. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना चिकन धुतलेले दिसते. प्रत्यक्षात एका पक्ष्यावरचा मळ पाण्यातून सगळ्यांना वाटला जातो. शेवटी लाकडी ठोकळ्यावर तुकडे होतात. दिवसभर ओला राहणारा, कोयत्याच्या घावांनी खाचा पडलेला हा ठोकळा घासला जातो, पण खाचांच्या तळापर्यंत ब्रश पोचत नाही. तुकडे काळ्या पिशवीत पडतात आणि त्याच हातांनी सुटे पैसे परत मिळतात.

‘डोळ्यांसमोर कापून घेतलेले’ म्हणून या चिकनवर लोकांचा विश्वास असतो. ताजेपणाचा फायदा आहेच. जिवाणूंना वाढायला वेळ मिळालेला नसतो. पण ताजे असणे आणि जिवाणू नसणे या वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय कोंबडीचे शरीर ४१–४२ अंश सेल्सियसचे असते. कापल्यानंतर थंड न करता पिशवीत कोंबलेले मांस बराच वेळ कोमट राहते, आणि कोमटपणा जिवाणूंना मानवतो.

मोठ्या कारखान्यांत मांस लगेच थंड करतात, ही जमेची बाजू. पण तिथेही पिसे काढण्याचे यंत्र आणि सामाईक पाण्याची टाकी असते आणि एका पाळीत हजारो पक्षी त्यातून जातात. अमेरिकेत या टप्प्यावर क्लोरीनसारखी रसायने वापरतात. युरोपीय संघाने १९९७ पासून तशा चिकनला दार बंद केले. शेवटी रसायनाने धुता येते म्हणून आधीची अस्वच्छता खपवून घेतली जाते, हा युरोपचा आक्षेप होता, आणि तो वजनदार आहे.

३. मुख्य गुन्हेगार

चिकनवर अनेक जातींचे जिवाणू सापडतात. माणसाला आजारी पाडण्यात दोघांचा वाटा मोठा : साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर.

साल्मोनेला चिवट आहे. तो कोरड्या पृष्ठभागावर टिकतो, साधारण ७ ते ४६ अंशांच्या पट्ट्यात वाढतो आणि अंड्यांतूनही पसरतो. जंतू पोटात गेल्यावर ६ ते ७२ तासांत ताप, जुलाब आणि पोटात मुरडा सुरू होतो. टायफॉइडचा जिवाणू याच कुळातला असला तरी तो फक्त माणसात राहतो, कोंबडीच्या आतड्यात नाही.

कॅम्पायलोबॅक्टरचे नाव मराठी वाचकाला फारसे ओळखीचे नसते. डॉक्टरांनाही ते बराच काळ नव्हते. १९७७ साली इंग्लंडमधल्या वूस्टर गावचे मार्टिन स्किरो यांनी जुलाबाच्या सुमारे आठशे रुग्णांची तपासणी करून दाखवून दिले, की दर शंभरातल्या सातांच्या पोटात हा जिवाणू आहे. तोवर तो दिसला नव्हता, याचे कारण त्याच्या सवयी. त्याला हवेतला नेहमीचा प्राणवायू सोसत नाही, कमी लागतो. आणि उत्तम वाढ ४२ अंशांना होते, म्हणजे कोंबडीच्या अंगात असते त्या तापमानाला. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या बशीत, माणसाच्या ३७ अंशांना, इतर जिवाणूंच्या गर्दीत तो हरवून जायचा.

३० अंशांखाली तो वाढत नाही. उघड्यावर, कोरड्यात लवकर मरतो. हे ऐकून तो दुबळा वाटेल, पण त्याला वाढायची गरजच नसते. एका संशोधकाने स्वतः दुधातून सुमारे ५०० कॅम्पायलोबॅक्टर गिळून पाहिले आणि तो आजारी पडला. हा प्रयोग १९८१ साली प्रसिद्ध झाला. आता हिशेब करून पाहू. ब्रिटनमध्ये २०१४–१५ मध्ये दुकानांतल्या चिकनची वर्षभर तपासणी झाली. १०० पैकी ७३ कोंबड्यांवर कॅम्पायलोबॅक्टर होता आणि १९ कोंबड्यांच्या मानेच्या कातडीवर दर ग्रॅमला हजारांहून जास्त. म्हणजे अशा कोंबडीच्या अर्ध्या ग्रॅम कातडीवर, तिखटाच्या चिमटीएवढ्या ऐवजावर, एका माणसाला पुरतील इतके जिवाणू बसलेले असतात.

त्याचा आजार दोन ते पाच दिवसांनी सुरू होतो. ताप, पोटात कळा, कधी रक्त पडणे, आणि बहुधा आठवड्यात आराम. क्वचित काही आठवड्यांनंतर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते आणि हातापायांतली शक्ती जाते. या विकाराला गियान-बारे सिंड्रोम म्हणतात. पण रोजच्या व्यवहारात महत्त्वाचे आहे ते दोन ते पाच दिवसांचे अंतर. रविवारी चिकन झाले, जुलाब गुरुवारी लागले. रविवार कोणाला आठवत नाही. बुधवारी संध्याकाळी खाल्लेली पाणीपुरी पकडली जाते. चिकनची बदनामी होत नाही याचे एक कारण हे आहे.

दुसरे कारण वयाचे. जिथे हे जिवाणू सर्रास असतात तिथे मुलांना पहिल्या दोन वर्षांतच त्यांची लागण होऊन जाते आणि पुढे काही प्रमाणात प्रतिकारशक्ती येते. ‘आम्ही इतकी वर्षे खातो, आम्हाला कधी काही झाले नाही’ हे मोठ्या माणसाचे म्हणणे त्यामुळे बऱ्याचदा खरे असते. त्याच घरातल्या रांगत्या मुलाबद्दल, गरोदर बाईबद्दल किंवा म्हाताऱ्या आजोबांबद्दल ते खरे असेलच असे नाही.

४. वास काय सांगतो, काय सांगत नाही

चिकन हुंगून पाहण्याची रीत चुकीची नाही, अपुरी आहे. मांस बुळबुळीत करणारे आणि त्याला आंबूस वास आणणारे जिवाणू निराळे. त्यांतले मुख्य ‘स्यूडोमोनास’ कुळातले. ते फ्रिजच्या थंडीतही वाढतात आणि दर चौरस सेंटिमीटरला त्यांची संख्या कोटीच्या घरात गेली की नाकाला कळते. वास येणारे चिकन टाकून द्यावे, यात वाद नाही. पण साल्मोनेला किंवा कॅम्पायलोबॅक्टर चिकनचा वास, रंग, चव काहीच बदलत नाहीत. नाक जे सांगते ते चिकन किती शिळे आहे एवढेच.

वेळेचे गणित मात्र वास आणणाऱ्या जिवाणूंना आणि साल्मोनेलाला, दोघांनाही लागू पडते. साल्मोनेलासारखा जिवाणू सगळे अनुकूल असेल तर वीसेक मिनिटांत दुप्पट होतो. मे महिन्यातल्या दुपारी, पिशवीतल्या मांसावर, जरा सावकाश म्हणून अर्धा तास धरू. सकाळी नऊला घेतलेले चिकन दुपारी एकपर्यंत ओट्यावर राहिले तर चार तासांत आठ वेळा दुप्पट झाले. १०० जिवाणूंचे २५,६०० झाले. फ्रिजमध्ये ४ अंशांना साल्मोनेलाची वाढ थांबते. मरत मात्र तो नाही. फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांना कॅम्पायलोबॅक्टर बराच कमी होतो, साल्मोनेला बराचसा टिकतो. गोठवलेले चिकन म्हणजे निर्जंतुक चिकन, असे समजू नये.

आखाडात गटारीच्या रविवारी दुकानापुढे रांग लागते तेव्हा हे गणित सगळ्यात वाईट असते. पावसाळी उबदार हवा असते, दुकानदाराला टबातले पाणी बदलायला फुरसत नसते, आणि पाहुण्यांसाठी लवकर आणून ठेवलेल्या चिकनला भरलेल्या फ्रिजमध्ये जागा नसते.

५. आता धुण्याचा प्रश्न

कच्च्या मांसावरचे जिवाणू नुसते पृष्ठभागावर पडलेले नसतात. ते कातडीच्या छिद्रांत आणि मांसाच्या तंतूंमध्ये अडकलेले असतात. नळाच्या पाण्याने त्यांतले थोडे निघतात, बहुतेक राहतात. जे निघतात ते मरत नाहीत, जागा बदलतात. नळाची धार तुकड्यावर आपटली की बारीक तुषार अर्ध्या मीटरहून लांब उडतात. सिंकच्या कडेला निथळत ठेवलेली ताटे, पाण्याचा माठ, चिरून ठेवलेली कोथिंबीर सगळे त्या टप्प्यात येते. बेसिनची जाळी आणि भांडी घासायचा काथ्या हे मुक्कामाचे ठिकाण.

अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या एका अभ्यासात चिकनला निरुपद्रवी, पण ओळखता येईल असा जिवाणू लावून लोकांना स्वयंपाक करायला सांगितले होते. ज्यांनी चिकन धुतले त्यांच्यापैकी ६० टक्के लोकांच्या सिंकमध्ये तो जिवाणू सापडला. १४ टक्क्यांच्या सिंकमध्ये तो सिंक साफ केल्यावरही होता, आणि २६ टक्क्यांच्या सॅलडच्या पानांवर पोचला होता. पण याच अभ्यासातला दुसरा आकडा सहसा कोणी सांगत नाही. ज्यांनी चिकन धुतले नव्हते त्यांच्यापैकीही ३१ टक्क्यांच्या सॅलडवर तो होता. कारण त्यांनी हात नीट धुतले नव्हते. नुसते ‘चिकन धुऊ नका’ हे बजावून काम भागत नाही, ते यामुळे.

मीठ-हळद, लिंबू, व्हिनेगर यांचे काय? हळदीचा जिवाणूंवर परिणाम होतो हे प्रयोगशाळेत दिसते, पण कालवणाला लावतो तेवढ्या हळदीने आणि अर्ध्या तासात मांस निर्जंतुक होत नाही. लिंबू-दह्याच्या मुरवणीचेही तेच. चव आणि मऊपणा यासाठी ती उत्तम. मुरवण लावलेले चिकन मात्र फ्रिजमध्येच मुरवावे आणि भांड्यात उरलेला मसाला कच्चा वापरू नये.

‘धुऊ नका’ हा सल्ला ब्रिटन-अमेरिकेत स्वच्छ करून, थंड करून, पाकिटात मिळणाऱ्या चिकनसाठी लिहिलेला आहे. चिकन सेंटरमधल्या चिकनला रक्ताच्या गाठी, हाडांचा चुरा, एखादे पीस चिकटलेले असते. ते तसेच पातेल्यात टाका म्हटले तर कोणी ऐकणार नाही आणि ऐकूही नये. पण त्यासाठी नळाची धार लागत नाही. खोलगट पातेल्यात पाणी घ्यावे, तुकडे त्यात अलगद सोडावेत, पाण्याखालीच हाताने चुरा आणि गाठी काढाव्यात आणि पाणी सिंकमध्ये न उडवता हळू ओतावे. आसपास काही खायचे ठेवू नये. नंतर पातेले, सिंक आणि हात साबणाने धुवावेत. यात मांस दिसायला स्वच्छ होते. जिवाणू मारायचे काम आचेकडेच राहते.

६. रस्सा उकळतो, कांदा उकळत नाही

मराठी पद्धतीच्या कालवणात चिकनचे छोटे तुकडे रटरटत्या रश्श्यात अर्धा-पाऊण तास शिजतात. त्यात साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर वाचत नाहीत. मग घरच्या चिकनमधून आजार येतो तो कसा? ताटाच्या डाव्या बाजूने : कांदा, लिंबू, कोशिंबीर, वरून भुरभुरलेली कोथिंबीर. म्हणजे जे आचेवर जातच नाही त्यातून.

कच्च्या चिकनला सुटलेल्या पाण्याला रंगपंचमीचा पक्का रंग असता तर हा प्रवास दिसला असता. पिशवीची गाठ सोडताना बोटांना रंग लागला असता. मग मसाल्याच्या डब्याच्या झाकणावर, मिठाच्या बरणीवर, गॅसच्या बटणावर, नळाच्या तोटीवर, फ्रिजच्या दांड्यावर ठिपके उमटले असते. मधेच फोन वाजला तर मोबाइलवरही. विळीवर चिकनचा तुकडा लहान करून ती नुसती पाण्याखाली धरली, तर पाते जिथे पाटात बसवलेले असते त्या फटीत रंग तसाच राहिला असता, आणि पाच मिनिटांनी त्याच विळीवर चिरलेल्या कांद्याला लागला असता. फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात ठेवलेल्या पिशवीतून तो थेंबाथेंबाने खालच्या द्राक्षांवर उतरला असता.

उपाय मोजकेच आहेत आणि फुकट आहेत. कोशिंबीर आणि कांदा आधी चिरून झाकून ठेवावा, चिकन मागाहून हाताळावे. चिकन फ्रिजमध्ये सगळ्यात खाली, झाकणाच्या डब्यात असावे. हात साबणाने वीस सेकंद चोळून धुवावेत, आणि नळ कोपराने किंवा कोणाला तरी सांगून उघडावा. ओट्यावरचे फडके चिकनच्या पाण्याला लागले तर ते लगेच गरम पाण्यात टाकावे. तेच फडके पुढे सगळा ओटा पुसते.

७. किती शिजवायचे?

जिवाणू एका ठरावीक अंशाला एकदम मरतात असे नाही. तापमान आणि वेळ यांची जोडी लागते. मांसाच्या गाभ्यात ६० अंश असतील तर ४५ मिनिटे, ६५ अंशांना १० मिनिटे, ७० अंशांना २ मिनिटे आणि ७५ अंशांना ३० सेकंद, असे कोष्टक ब्रिटनमध्ये वापरतात. अमेरिकेत सरळ ७४ अंश सांगतात. मोजायचे ते गाभ्याचे तापमान, बाहेरचे नव्हे. उकळत्या रश्श्यात तुकडा बुडालेला असतो, त्यामुळे तिथे अडचण येत नाही. अडचण असते ती तंगडी तंदुरीत किंवा निखाऱ्यावर भाजताना, किंवा फ्रीझरमधून काढलेले लॉलीपॉप थेट तळताना. बाहेरून करपते तेव्हा हाडाजवळ अजून बर्फ असू शकतो. गोठवलेले चिकन आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या भागात ठेवून सुटू द्यावे.

रंगावरून ठरवणे फसवे आहे. कोवळ्या ब्रॉयलरच्या हाडाजवळचे मांस पूर्ण शिजल्यावरही हाडातल्या मज्जेच्या रक्तामुळे तांबूस दिसते, आणि कधी कच्चे मांस पांढरे दिसते. कलेजीबाबत अधिक काळजी हवी. मांसाचे तुकडे बाहेरून दूषित असतात; कलेजीच्या मात्र आतही कॅम्पायलोबॅक्टर असू शकतो. वरवर परतून मधे गुलाबी ठेवलेली कलेजी चवीला मऊ लागते, पण ती शिजलेली नसते.

शोरमा या पदार्थात सगळ्या अडचणी एकत्र येतात. उभ्या सळईवर मांसाचा थर बाहेरून भाजत जातो, आतला तासन् तास कोमट राहतो. मागणी वाढली की अर्धवट भाजलेला भागही कापला जातो. सोबत कच्ची कोबी आणि कच्च्या अंड्याचे मेयोनीज. मे २०२२ मध्ये केरळच्या कासरगोड जिल्ह्यात चेरुवत्तूर इथे शोरमा खाऊन अनेक जण आजारी पडले आणि एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. तपासात शिगेला आणि साल्मोनेला हे जिवाणू सापडले. त्यानंतर केरळ सरकारने शोरम्यासाठी नियम केले आणि जानेवारी २०२३ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली.

८. दुसऱ्या दिवशीचा रस्सा

रात्रभर मुरलेला रस्सा अधिक चवदार लागतो. मात्र तो कुठे मुरला हे पाहायला हवे. ‘क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स’ नावाचा जिवाणू अडचणीच्या वेळी बीजाणू होतो, म्हणजे टणक कवचात झोपी जातो. हे बीजाणू उकळण्यातही टिकतात. रस्सा निवू लागला की कवच फुटते, आणि ४३ ते ४५ अंशांच्या आसपास हा जिवाणू दहा-बारा मिनिटांत दुप्पट होतो. चार माणसांचे पातेले लवकर निवते. लग्नाचे, जत्रेचे किंवा खानावळीचे मोठे पातेले झाकण ठेवून सोडले तर मध्यभागी कित्येक तास नेमके हेच तापमान राहते. म्हणून या जिवाणूची विषबाधा पंगतींतून होते : ६ ते २४ तासांत एकदम अनेकांना पोटात कळा आणि जुलाब.

उरलेले कालवण पसरट, लहान भांड्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे आणि खाताना नुसते कोमट न करता खळखळून उकळावे. उकळल्याने वाढलेले जिवाणू मरतात. ‘स्टॅफिलोकोकस’ हा मात्र वेगळा. तो माणसाच्या नाकात आणि हातावरच्या जखमांत असतो, उघड्यावरच्या शिजलेल्या अन्नात विषद्रव्य सोडतो, आणि ते विषद्रव्य उकळूनही जात नाही.

९. औषधांना न जुमानणारे जिवाणू

कोंबड्यांना प्रतिजैविके, म्हणजे अँटिबायोटिक औषधे, आजारासाठी देतात; अनेक ठिकाणी वजन लवकर वाढावे म्हणूनही थोड्या मात्रेत खाद्यातून देत आले. अशा सततच्या मात्रेत जे जिवाणू तग धरतात त्यांचीच प्रजा वाढते. स्वीडनने वजनवाढीसाठीचा वापर १९८६ मध्ये बंद केला, युरोपीय संघाने २००६ मध्ये. अमेरिकेने २००५ मध्ये कोंबड्यांसाठीचे एनरोफ्लॉक्सासिन बंद केले, कारण त्यामुळे माणसाच्या पोटातला कॅम्पायलोबॅक्टरही त्याच गटातल्या औषधांना दाद देईना. भारतात २०१४ मध्ये दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ने दिल्ली परिसरातले ७० नमुने तपासले, ४० टक्क्यांत औषधांचे अंश होते. २०१९ मध्ये केंद्र सरकारने कोलिस्टिन या माणसासाठी अखेरच्या फळीत राखून ठेवलेल्या औषधाचा अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांतला वापर बंद केला.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. मांसातले औषधाचे अंश शिजवून पूर्ण जातीलच असे नाही. औषधाला न जुमानणारे जिवाणू मात्र इतर जिवाणूंसारखेच आचेवर मरतात. औषधाला दाद न देणे म्हणजे उष्णतेला दाद न देणे नव्हे.

१०. मुळाशी काय करता येते?

मे १९९९ मध्ये बेल्जियममध्ये उघडकीस आले, की कोंबड्यांच्या खाद्यात मिसळलेल्या चरबीत डायॉक्सिन हे विषारी रसायन गेले आहे. जूनमध्ये देशभरातले चिकन आणि अंडी दुकानांतून उचलली गेली. त्या काळात कॅम्पायलोबॅक्टरच्या नोंदलेल्या रुग्णांत सुमारे ४० टक्क्यांनी घट झाली. डायॉक्सिनचा जुलाबांशी संबंध नव्हता. चिकन ताटातून गेले एवढेच झाले होते. चिकन परत आले तसे रुग्णही परत आले. एवढा मोठा प्रयोग ठरवून कोणाला करता आला नसता.

न्यूझीलंडमध्ये २००६ साली कॅम्पायलोबॅक्टरचे जवळजवळ १६ हजार रुग्ण नोंदले गेले. कत्तलखान्यांतल्या प्रत्येक तुकडीवर किती जिवाणू चालतील याची मर्यादा घातली गेली, आणि दोन वर्षांत आकडा निम्म्याहून खाली आला. आइसलँडने दूषित कळपांचे चिकन फक्त गोठवूनच विकायचे ठरवले. तिथेही रुग्ण घटले. स्वीडनने १९५३ मध्ये अल्वेस्ता इथल्या कत्तलखान्यातून पसरलेल्या साल्मोनेलाने सुमारे ९ हजार माणसे आजारी पडलेली पाहिली. त्या धड्यातून पुढे तिथे कडक नियम झाले. साल्मोनेला सापडलेला कळप तिथे बाजारात जात नाही.

भारतात २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्यानुसार मांसाच्या दुकानाला नोंदणी किंवा परवाना लागतो. दुकानाच्या पातळीवर फार खर्चाचे काही नाही : टबाऐवजी वाहते पाणी, पक्षी कापायची आणि तुकडे करायची जागा वेगळी, लाकडी ठोकळा रोज घासून मिठाने किंवा उन्हाने कोरडा करणे, पैसे घेणारा माणूस दुसरा. शेडच्या पातळीवर काम अवघड आहे. साल्मोनेलासाठी कोंबड्यांना लस देता येते. कॅम्पायलोबॅक्टरसाठी बाजारात भरवशाची लस नाही. तो बुटांच्या तळव्यांतून, उंदरांबरोबर आणि माश्यांबरोबर शेडमध्ये शिरतो. डेन्मार्कमध्ये संशोधकांनी शेडच्या झरोक्यांना माश्या अडतील एवढी बारीक जाळी लावली, तेव्हा दूषित कळपांचे प्रमाण ५१ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आले. डेन्मार्कची शेड बंदिस्त असते. महाराष्ट्रातली बहुतेक शेड दोन्ही अंगांनी उघडी असते आणि तिची जाळी मांजर-कावळे अडवण्यापुरती. ती बारीक केली तर वारा अडतो, आणि एप्रिल-मेच्या उन्हात वारा अडला तर पक्षी दगावतात.